घरंगळणाऱ्या आणि घसरणाऱ्या पृष्ठभागांचा थकवा: खराब बेअरिंग आणि गिअर तपासण्याची रीत

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही मध्यम आकाराच्या कारखान्यात गेलात, तर देखभाल विभागाच्या मागच्या भिंतीशी काढून टाकलेल्या बेअरिंगांचा ढीग हमखास दिसतो. यंत्र आवाज करू लागते, फिटर पुलर लावून जुने बेअरिंग ओढून काढतो, त्याच क्रमांकाचे नवे बसवतो आणि जुने भंगारात जाते. काही महिन्यांनी त्याच जागचे बेअरिंग पुन्हा वाजू लागले, की दोष बनवणाऱ्या कंपनीला नाहीतर ग्रीसला दिला जातो. बिघाडाचे खरे कारण बहुतेक वेळा त्या भंगारात गेलेल्या तुकड्यावरच दिसत असते. ते पाहण्याची तसदी मात्र कोणी घेतलेली नसते.

ते कारण कसे शोधावे, याची रीत या लेखात क्रमाने दिली आहे. तिच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: टवका उडाला त्याची पहिली चीर पृष्ठभागाखाली निर्माण झाली, की पृष्ठभागावरच? खाली झाली असेल तर भार, पोलादाचा दर्जा आणि उष्णतोपचार यांच्याकडे पाहावे लागते. वर झाली असेल तर तेल, कचरा, पाणी आणि घसरण यांच्याकडे. दोन्हींचे उपाय इतके वेगळे आहेत, की हा प्रश्न न सोडवता केलेली दुरुस्ती म्हणजे निव्वळ अंदाज ठरतो.

आत नेमके काय घडते

गोळी आणि रेस (गोळ्या किंवा रोलर जिच्यावर फिरतात ती बेअरिंगची कडी), रोलर आणि रेस, गिअरचे दोन दाते, क्रेनचे चाक आणि रूळ, या सगळ्या जोड्यांमध्ये दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांना अगदी छोट्या क्षेत्रावर टेकतात. हे क्षेत्र किती असते आणि त्यावर दाब कसा पसरतो, याचे गणित हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८२ साली प्रसिद्ध केले आणि आजही बेअरिंगची रचना त्याच गणिताने सुरू होते. बेअरिंगमध्ये हा दाब सहज १००० ते ३००० मेगापास्कल असतो. साधे बांधकामाचे पोलाद २५० मेगापास्कलच्या आसपास वाकते, हे लक्षात घेतले तर एवढ्या दाबाखाली धातू टिकतो कसा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की संपर्काखालचा धातू चहूबाजूंनी दाबला गेलेला असतो आणि सर्व बाजूंनी सारखा पडलेला दाब धातूला मोडत नाही. धातू मोडतो तो कातरणाऱ्या ताणामुळे.

हा कातरताण पृष्ठभागावर नव्हे, तर थोडा खाली सर्वाधिक असतो. रोलरसारख्या रेषेवर टेकणाऱ्या जोडीत तो संपर्काच्या अर्ध्या रुंदीच्या ०.७८ पट खोलीवर असतो, तर वर्तुळाकार संपर्कात त्रिज्येच्या ०.४८ पट खोलीवर. मध्यम आकाराच्या बेअरिंगमध्ये ही खोली साधारण ०.१ ते ०.५ मिलिमीटर भरते. गोळी पुढे सरकते तसा त्या खोलीवरचा ताण वाढतो, दिशा बदलतो आणि पुन्हा शून्यावर येतो. १४४० फेऱ्यांच्या मोटरवर ८ गोळ्यांचे बेअरिंग असेल, तर स्थिर बाहेरच्या रेसच्या एकाच बिंदूवरून सेकंदाला सुमारे ७७ गोळ्या जातात, म्हणजे तासाला पावणेतीन लाखांच्या वर. इतक्या आवर्तनांत पोलादातला एखादा ॲल्युमिनाचा किंवा टायटॅनियम नायट्राइडचा कठीण कण नेमका त्या खोलीवर असला, तर त्याच्या कडेला सूक्ष्म चीर पडते. ती आधी पृष्ठभागाला समांतर वाढते, मग वर वळते आणि शेवटी धातूचा खवला सुटून येतो. पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने असे तुटणे म्हणजेच धातूचा थकवा.

घसरण आली की चित्र बदलते. पृष्ठभाग एकमेकांवर नुसते घरंगळत नसून थोडे घसरतही असतील, तर घर्षण पृष्ठभागाला एका दिशेने ओढते. घर्षणांक साधारण ०.३ च्या वर गेला, की सर्वाधिक कातरताणाची जागा खालून उठून थेट पृष्ठभागावर येते. तेलाचा पापुद्रा शाबूत असताना घर्षणांक याच्या कितीतरी खाली राहतो, म्हणून चांगल्या वंगणात धोका खालीच राहतो. पापुद्रा तुटला, की खडबडीतपणाची टोके एकमेकांना भिडतात आणि अगदी वरचा थर प्रत्येक फेरीत त्याच दिशेने किंचित पुढे ढकलला जातो, जशी लाटण्याखाली पोळीची कड पुढे सरकत जाते. धातूची ताणून घेण्याची क्षमता संपली, की वरच्या थरात साधारण १५ ते ३० अंशांच्या उथळ कोनात चीर शिरते.

तेलाचा या चिरेशी आणखी एक संबंध आहे. १९३५ साली स्ट्युअर्ट वे यांनी प्रयोगांनी दाखवले, की कोरड्या रोलरांवर पिटिंग, म्हणजे थकव्याने खड्डे पडणे, होत नाही आणि तेल घातले की होते. चिरेच्या तोंडातून तेल आत शिरते, पुढून येणारा भार ते तोंड मिटवतो आणि आत कोंडलेले तेल चिरेचे टोक फाडते. अर्थात याचा अर्थ तेल काढून टाकावे असा नाही, कारण कोरडा पृष्ठभाग त्याआधीच झिजून जातो; अर्थ इतकाच, की चीर सुरूच होऊ न देणे हा खरा बचाव आहे.

पहिली पायरी: यंत्र चालू असतानाच नोंदी घ्याव्यात

बेअरिंग उघडल्यावर जे कळत नाही ते चालू यंत्र सांगते. फेऱ्या, हाउसिंगचे (बेअरिंग ज्यात बसते त्या घराचे) तापमान, तेलाचा किंवा ग्रीसचा प्रकार, शेवटचे वंगण कधी दिले, मोटरचा पट्टा (बेल्ट) शेवटचा कधी आवळला आणि शेजारी कोणते हादरणारे यंत्र आहे, हे लिहून ठेवावे. कंपनमापक असेल तर दोन वारंवारता आधीच काढून ठेवाव्यात. बाहेरच्या रेसवरच्या दोषाची वारंवारता ढोबळमानाने गोळ्यांची संख्या गुणिले शाफ्टची वारंवारता गुणिले ०.४ इतकी असते आणि आतल्या रेसची तशीच, फक्त ०.४ च्या जागी ०.६ घेऊन. वरच्याच उदाहरणात शाफ्ट सेकंदाला २४ फेऱ्या मारतो, म्हणून बाहेरच्या रेसचा दोष ७७ हर्ट्झच्या आसपास आणि आतल्या रेसचा ११५ हर्ट्झच्या आसपास दिसावा. कोणती रेस बोलते आहे हे उघडण्याआधी कळले, तर नंतर नजर कुठे लावायची तेही ठरते.

दुसरी पायरी: धुण्याआधी पाहावे

ही पायरी सर्वांत जास्त चुकते. डिझेलचा डबा समोरच असतो आणि काढलेला भाग त्यात बुडवणे हा हाताचा सराव झालेला असतो. गेल्या पावसाळ्यात एका शेडमध्ये कन्व्हेअरचा गिअरबॉक्स उघडताना शिकाऊ मुलाने नेहमीप्रमाणे विचारले, “काका, धुऊन देऊ का?” मी त्याला म्हटले, “थांब, आधी ग्रीस बोटांवर घेऊन बघ.” त्याने सीलच्या ओठाजवळचे ग्रीस अंगठ्यावर घेऊन उन्हात धरले. ते मूळच्या तपकिरी रंगाऐवजी दुधाळ झाले होते, म्हणजे पाणी मिसळलेले होते, आणि चोळल्यावर बोटांना बारीक खर लागत होती. त्याच ग्रीसचा थोडा भाग पेट्रोलमध्ये विरघळवून गाळणीच्या कागदावर ओतला आणि कागदाखाली चुंबक फिरवले, तेव्हा चमकणारे चपटे कण चुंबकामागे सरकले आणि राखाडी भुकटी जागीच राहिली. कण लोखंडाचे, भुकटी बाहेरची धूळ. बेअरिंग पुसण्याआधीच दोन संशयित समोर आले होते, आणि धुतल्यावर यातले काहीच उरले नसते.

उघडताना बाहेरच्या रेसवर आणि हाउसिंगवर वरच्या बाजूची खूण करावी, शाफ्टच्या फिरण्याची दिशा बाणाने लिहावी आणि कोणते बेअरिंग मोटरच्या बाजूचे होते हे तारेने चिठ्ठी बांधून नोंदवावे. ओढून काढताना पुलरचा जोर गोळ्यांमधून जाऊ देऊ नये, नाहीतर काढतानाच पडलेल्या खळग्या बिघाडाच्या म्हणून वाचल्या जातात.

तिसरी पायरी: भाराचा पट्टा वाचावा

स्वच्छ केल्यावर रेसवर गोळ्या फिरल्याचा एक फिकट, मंद चकाकीचा पट्टा दिसतो. फिरणारी आतली रेस आणि स्थिर दिशेचा भार असेल, तर आतल्या रेसवर पट्टा पूर्ण गोलाकार आणि मध्यावर असावा, तर बाहेरच्या रेसवर तो निम्म्याहून कमी घेरात असावा. बाहेरच्या रेसवर पट्टा समोरासमोर दोन ठिकाणी असेल, तर हाउसिंग लंबवर्तुळाकार आवळले गेले आहे. बाहेरच्या रेसवर पट्टा तिरका, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाणारा असेल, तर शाफ्ट आणि हाउसिंगची रेषा जुळलेली नाही. पट्टा दोन्ही रेसवर पूर्ण घेरात आणि रुंद असेल, तर बसवणी इतकी घट्ट आहे, की आतली मोकळीक संपली आहे. रोलर बेअरिंगमध्ये पट्टा एका टोकाला गडद असेल, तर रोलरच्या त्या कडेवर भार एकवटला आहे आणि तिथे दाब गणितापेक्षा कितीतरी जास्त असतो. खवले नेहमी या पट्ट्यातच निघतात, म्हणून पट्टा चुकीच्या जागी असेल तर खवल्याचे कारण बहुधा तिथेच सापडते.

चौथी पायरी: टवका खालून उडाला की वरून

दहा पटीचे भिंग घ्यावे आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावी. सरळ वरून प्रकाश टाकला तर खड्ड्याचा आकार कळत नाही. आडव्या प्रकाशात कडांची सावली पडते आणि खोली उमगते.

पृष्ठभागाखालून सुरू झालेल्या खड्ड्याच्या भिंती उभ्या असतात आणि तळ सपाट, पृष्ठभागाला समांतर असतो. खड्डा तुलनेने खोल असतो आणि त्याच्या आजूबाजूचा पृष्ठभाग बराचसा चांगला, गुळगुळीत दिसतो. मूळ ग्राइंडिंगच्या रेषा शेजारी अजून दिसत असतील, तर तेलाने आपले काम केले आहे आणि चीर खालून आली आहे, हे जवळजवळ निश्चित मानावे. बेअरिंग अपेक्षित आयुष्य पुरे करून असे गेले असेल तर तो नैसर्गिक शेवट समजावा. फार लवकर गेले असेल तर जादा भार, अति घट्ट बसवणी किंवा पोलादाची अस्वच्छता तपासावी.

वरून सुरू झालेला खड्डा उथळ असतो. त्याचा आकार पुष्कळदा बाणाच्या टोकासारखा असतो: टोक जिथे चीर सुरू झाली तिथे, आणि तिथून घरंगळण्याच्या दिशेने पसरत गेलेला. बाणाच्या टोकाशी भिंग नेले, तर तिथे बहुधा काहीतरी सापडतेच: कठीण कणाने पाडलेली खळगी, गंजाचा ठिपका, हाताळणीतला ओरखडा. तेलाचा पापुद्रा जेमतेम ०.१ ते १ मायक्रॉन जाडीचा असतो, त्यामुळे काही मायक्रॉनचा वाळूचा किंवा घासलेल्या लोखंडाचा कण त्यातून जाताना रेसमध्ये दाबला जातो आणि खळगीच्या कडेला धातू उचलला जातो. पुढची प्रत्येक गोळी त्या उंचवट्यावर आदळते आणि ताण तिथे साठत जातो.

तिसरे रूप सर्वांत सहज निसटते. पृष्ठभाग नुसता धुरकट, राखाडी, मंद दिसतो, जणू चकाकी गेली आहे. भिंगाखाली तिथे १० ते २० मायक्रॉनचे असंख्य खड्डे असतात. याला मायक्रोपिटिंग म्हणतात आणि पापुद्रा कमी पडतो आहे याची ती पहिली ग्वाही असते. माझ्या मते देखभालीतला सर्वांत मोलाचा क्षण हाच असतो, कारण या टप्प्यावर तेल बदलले तर भाग वाचू शकतो. शंका असेल तर डाय पेनिट्रंटने, म्हणजे चिरेत शिरणाऱ्या रंगीत द्रवाने, चीर पाहावी. लोखंडी भागासाठी चुंबकीय कणांची चाचणी आणखी बारीक चिरा दाखवते.

थकवा नसलेल्या खुणा आधी वेगळ्या काढाव्यात

गोळ्यांच्या अंतरावर सारख्या खळग्या दिसल्या, तर दोन शक्यता असतात. खळगीच्या तळाशी ग्राइंडिंगच्या रेषा शाबूत असतील, तर तो ठोक्याचा किंवा अचानक आलेल्या भाराचा ठसा आहे. रेषा घासून गेल्या असतील आणि लालसर भुकटी असेल, तर यंत्र बंद असताना शेजारच्या हादऱ्यांनी ते झाले आहे. रेसवर धुण्याच्या फळीसारख्या समांतर लहरी आणि काळवंडलेल्या गोळ्या दिसल्या, तर बेअरिंगमधून वीज वाहिली आहे. व्हीएफडीवर (विजेची वारंवारता बदलून वेग बदलणाऱ्या उपकरणावर) चालणाऱ्या मोटरांत हे आता पुष्कळ आढळते. गोळीचा किंवा रोलरचा पृष्ठभाग ओढून माखल्यासारखा दिसला, तर तो हलक्या भाराखाली फिरण्याऐवजी घसरत राहिला आहे. म्हणूनच मोठे बेअरिंग बसवले म्हणजे सुरक्षित झाले, ही समजूत चुकीची आहे: रोलर बेअरिंगवर त्याच्या गतिक क्षमतेच्या (फिरत्या बेअरिंगसाठी कंपनीने दिलेल्या भारक्षमतेच्या) निदान २ टक्के आणि गोळ्यांच्या बेअरिंगवर १ टक्का भार असावा, असा ठोकताळा वापरतात.

पाचवी पायरी: गिअरचा दाता वरपासून खालपर्यंत पाहावा

गिअरमध्ये घरंगळणे आणि घसरणे दोन्ही असतात आणि त्यांचे प्रमाण दात्यावर ठिकठिकाणी बदलते. पिच रेषेवर, म्हणजे दात्याच्या साधारण मध्यावरच्या रेषेवर, निव्वळ घरंगळणे असते. तिथून वर किंवा खाली जाऊ तसतशी घसरण वाढते आणि पिच रेषा ओलांडताना तिची दिशा उलटते. पिच रेषेखालच्या भागात दात्याचा पृष्ठभाग जोडीदारापेक्षा हळू चालतो, म्हणजे घसरण घरंगळण्याच्या उलट दिशेने असते. अशा पृष्ठभागावरच्या चिरेचे तोंड येणाऱ्या भारासमोर उघडे पडते, तेल आत शिरते आणि कोंडले जाते. म्हणून पिटिंगचे खड्डे बहुतेक वेळा पिच रेषेच्या किंचित खाली, आणि पिनियनवर, म्हणजे जोडीतल्या लहान गिअरवर, आधी दिसतात, कारण पिनियनचा प्रत्येक दाता चाकाच्या दात्यापेक्षा जास्त वेळा भार घेतो.

नव्या गिअरवर पहिल्या काही आठवड्यांत थोडे बारीक खड्डे पडून थांबले, तर घाबरू नये. उंचवटे झिजून भार पसरला की ते वाढत नाहीत. खड्ड्यांचा पट्टा रुंद होत गेला, खड्डे एकमेकांना मिळाले किंवा दात्याच्या एकाच टोकाला जमले, तर मात्र ती वेगळी गोष्ट आहे. एका टोकाला जमणे म्हणजे शाफ्ट समांतर नाहीत. प्रुशियन ब्लू हा निळा लेप लावून दात्यांचा संपर्क तपासावा.

२० एमएनसीआर ५ सारख्या पोलादाच्या, वरून कठीण केलेल्या गिअरमध्ये एक खास धोका असतो. कठीण थर पातळ असेल आणि सर्वाधिक कातरताणाची खोली त्या थराच्या खाली, मऊ गाभ्यात पडत असेल, तर थर आणि गाभा यांच्या सीमेवर चीर पडून मोठमोठे तुकडे निघतात. असा तुकडा हातात आला की त्याची जाडी मोजावी. ती थराच्या जाडीशी जुळली तर दोष तेलाचा नव्हे, उष्णतोपचाराचा आहे. ग्राइंडिंग करताना जास्त रेटा दिल्याने पृष्ठभाग जळणे हाही लपलेला दोष असतो. नायटल (अल्कोहोलमधले नायट्रिक आम्ल) लावून पृष्ठभाग किंचित खाऊ दिल्यावर मऊ झालेले पट्टे गडद दिसतात. आपल्याकडे काम बाहेरून ग्राइंड करून घेण्याची पद्धत असल्याने ही चाचणी खरेदीच्या अटींत घालावी, असे मी आग्रहाने सांगेन.

सहावी पायरी: आयुष्याचे गणित मांडावे

बेअरिंगचे मूळ आयुष्य लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांच्या १९४७ च्या सिद्धांतावर मोजतात. गतिक क्षमतेला प्रत्यक्ष भाराने भागावे. गोळ्यांच्या बेअरिंगसाठी त्या भागाकाराचा घन आणि रोलरसाठी १०/३ घात घ्यावा. उत्तर दशलक्ष फेऱ्यांत येते. हे आयुष्य १०० सारख्या बेअरिंगांपैकी ९० टिकतील असे असते, म्हणजे १० त्याआधी जाणारच. निम्मी बेअरिंगे याच्या साधारण ५ पट टिकतात, हेही ध्यानात ठेवावे, नाहीतर एकाच बेअरिंगवरून निष्कर्ष काढले जातात.

समजा क्षमता ४२ किलोन्यूटन आहे आणि भार ३ किलोन्यूटन. भागाकार १४, त्याचा घन २७४४, म्हणजे २७४.४ कोटी फेऱ्या. मिनिटाला १४४० फेऱ्यांवर ते सुमारे ३१,७६० तास झाले. आता कोणी पट्टा घसरतो म्हणून तो आवळून भार ६ किलोन्यूटनवर नेला. भागाकार ७, घन ३४३, आणि आयुष्य सुमारे ३,९७० तासांवर आले. भार दुप्पट, आयुष्य आठवा हिस्सा. पट्टा घसरण्याचे कारण बहुधा झिजलेल्या पुलीत असते. खरे तर पुली बदलायला हवी, पण आवळणे सोपे असल्याने तेच केले जाते. प्रत्यक्ष आयुष्य गणिताच्या दहाव्या भागाइतकेही भरत नसेल आणि भार ठीक असेल, तर बिघाड वरून सुरू झाला आहे असे गृहीत धरून वंगणाकडे वळावे.

सातवी पायरी: तेलाचा पापुद्रा पुरेसा आहे का

एवढ्या दाबाखाली तेल क्षणभर जवळजवळ घन होते आणि धातू त्याभोवती लवचिकपणे वाकतो, म्हणून पापुद्रा टिकतो. त्याची जाडी भारावर फारशी अवलंबून नसते. ती ठरते वेगावर आणि तेलाच्या घट्टपणावर. हे एकदा कळले, की हळू फिरणाऱ्या यंत्रांत पापुद्रा लवकर का तुटतो, याचा उलगडा होतो. पापुद्र्याची जाडी दोन्ही पृष्ठभागांच्या एकत्रित खडबडीतपणापेक्षा कमी असेल तर टोके भिडतात. तिप्पट असेल तर ती पूर्ण वेगळी राहतात.

तेलाची निवड प्रत्यक्ष तापमानावर करावी. व्हीजी २२० तेल ४० अंश सेल्सियसला २२० सेंटिस्टोक (घट्टपणाचे एकक) असते, पण १०० अंशांना साधारण १९ च राहते. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२-४३ अंशांवर असतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, आणि गिअरबॉक्सच्या आतले तेल त्याच्याही वर. हिवाळ्यात ठीक चाललेले तेल उन्हाळ्यात पातळ पडते आणि मायक्रोपिटिंग नेमके तेव्हा सुरू होते. म्हणून हाउसिंगच्या तापमानाची नोंद पहिल्याच पायरीत सांगितली आहे.

पाण्याचा प्रश्न पावसाळ्याचा. अत्यल्प पाणीही आयुष्य घटवते, कारण ते पापुद्रा कमजोर करते, गंजाचे ठिपके पाडते आणि त्यातून सुटलेला हायड्रोजन कठीण पोलादाला ठिसूळ करतो. गिअरबॉक्सच्या श्वास-नळीला ओलावा शोषणारे ब्रीदर बसवावे आणि पाण्याच्या फवाऱ्याने यंत्रे धुण्याची सवय सोडावी. फवारा ऑइल सीलच्या ओठातून सहज आत जातो.

आठवी पायरी: खात्री हवी असेल तर छेद घ्यावा

यंत्र महाग असेल किंवा बिघाड वारंवार होत असेल, तर खड्ड्यातून आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे योग्य. कापताना पाण्याची धार सुरू ठेवावी, कारण उष्णतेने रचना बदलते. दोन टक्के नायटल लावल्यावर खालून आलेली चीर पृष्ठभागाला समांतर दिसते आणि तिच्याजवळ कठीण कणाभोवती फुलपाखराच्या पंखांसारखे पांढरे भाग दिसू शकतात; वरून आलेली चीर तिरकी आत जाते. ईएन ३१ या बेअरिंगच्या पोलादाच्या भागाचा कठीणपणा ५८ ते ६४ एचआरसी (रॉकवेल मापाने) असावा. ५८ च्या खाली आयुष्य झपाट्याने घटते. शहरात असे परीक्षण करून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, आणि सयाजीरावांनी १८९० मध्ये उभारलेल्या कलाभवनातून वाढलेल्या विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत धातुशास्त्राचा स्वतंत्र विभागही आहे. देखभाल विभागाने तिथल्या प्राध्यापकांशी बोलायला संकोच करू नये.

रुळांच्या बाबतीत अशी तपासणी टाळण्याची किंमत फार मोठी असते. इंग्लंडमध्ये हॅटफिल्ड येथे १७ ऑक्टोबर २००० रोजी वळणावरच्या रुळाच्या आतल्या कोपऱ्यात याच प्रकारच्या थकव्याच्या चिरांमुळे रूळ ३०० हून अधिक तुकड्यांत फुटला, रेल्वेगाडी घसरली आणि ४ माणसे गेली. तिथे चिरा आधीच दिसल्या होत्या. कारखान्यातल्या ओव्हरहेड क्रेनच्या रुळाला हेच शास्त्र लागू होते: वळण नसले, तरी चाके तिरकी बसली असतील तर कड रुळाला घासत जाते आणि त्या कोपऱ्यात तिरक्या केसासारख्या चिरा उमटतात. त्या वरवर असताना ग्राइंड करून काढल्या तर रूळ टिकतो.

नववी पायरी: नवा भाग बसवताना

नवे बेअरिंग बसवण्याच्या क्षणापर्यंत त्याच्या वेष्टणातच ठेवावे. फिरणारी रेस घट्ट बसवावी आणि जोर त्याच रेसवर द्यावा. इंडक्शन हीटरवर ८० ते ११० अंशांपर्यंत तापवून सरकवावे. उघड्या ज्योतीने तापवू नये. शाफ्टचा व्यास आणि गोलाई मायक्रोमीटरने दोन दिशांत मोजावी, कारण नीट गोल नसलेल्या शाफ्टवर चांगले बेअरिंगही पहिल्या दिवसापासून जादा भार सोसते. ग्रीस भरताना निप्पल आधी पुसावे, कारण तोंडावरची धूळ बंदुकीच्या दाबाने थेट रेसपर्यंत जाते. नवा गिअरबॉक्स निम्म्या भारावर काही काळ चालवून पहिले तेल लवकर बदलावे, त्या तेलातले कण चुंबकावर पाहावेत आणि नोंदवहीत त्या जागेसमोर बेअरिंगचा क्रमांक, तारीख, तापमान, तेलाचा दर्जा, पट्ट्याचा ताण आणि जुन्या भागावर दिसलेला खड्डा खालचा होता की वरचा, हे लिहावे. जुना भागही चिठ्ठीसह कपाटात ठेवावा. त्याच जागी पुढचा बिघाड झाला, की दोन्ही रेस शेजारी ठेवून एकाच भिंगाखाली पाहता येतात.